मेंढीच्या मेंदूचा नकाशा आणि आपला मेंढपाळ

मेंढीच्या मेंदूची अंतर्रचना पाहण्यासाठी कोट्यवधी रुपये किमतीचे यंत्र वापरले जाते, असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. “ज्या मेंढीला चैत्र-वैशाखात घोटभर पाणी मिळण्याची भ्रांत, तिच्या मेंदूचे चित्र काढून मेंढपाळाच्या पदरात काय पडणार?” असा प्रश्न गावपातळीवर काम करणाऱ्या एका बंधूंनी प्रशिक्षण वर्गात मला केला होता. प्रश्न रास्त होता. त्या दिवशी वेळेअभावी त्याचे उत्तर अपुरे राहिले, ते येथे सविस्तर देण्याचा विचार आहे.

माझे मत प्रथमच स्पष्टपणे मांडतो. हे यंत्र आपल्या मेंढपाळाच्या वाड्यापर्यंत येणार नाही, आणि ते यावे असा आग्रह धरणेही शहाणपणाचे नाही. परंतु त्या यंत्राने जो नकाशा तयार झाला आहे, त्यातील ज्ञान मात्र वाड्यापर्यंत आलेच पाहिजे. ते आणण्याचे काम यंत्राचे नव्हे. ते आपले, म्हणजे विस्तार कार्यकर्त्यांचे आहे. या कामात कसूर झाली म्हणजे काय घडते, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो आहे.

एक चूक आणि तिची किंमत

मी नोकरीस लागलो त्या वर्षीची गोष्ट. दुष्काळी टापूतील एका गावी पीक पाहणीसाठी गेलो असता शेतात मेंढ्या बसविलेल्या होत्या. त्यांपैकी एक मेंढी मान एका बाजूस कलती करून त्याच त्या जागी गोल फिरत होती. चरावयाचे सोडून ती घाण्याच्या बैलासारखी फेऱ्या घाली, मध्येच थबके आणि पुन्हा फिरू लागे. कळपाचे मालक साठी ओलांडलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, “साहेब, हिच्या डोक्यात पाणी झालंय. आमच्या म्हाताऱ्यानं असलंच मेंढरू दावलं व्हतं मला.”

मी कृषी पदवीधर. पुस्तकातील विषारी वनस्पतींचे प्रकरण माझ्या डोक्यात ताजे होते. मेंढीने काहीतरी विषारी पाला खाल्ला असावा, असे सांगून मी मोकळा झालो. पशुवैद्यकाला बोलवा, एवढेही मला सुचले नाही. दोन दिवसांनी ती मेंढी कापली गेली. मुंडी फोडली तेव्हा मेंदूत लिंबाएवढी पातळ कातडीची पिशवी निघाली, आणि तिच्यात स्वच्छ पाणी होते. म्हाताऱ्यांचे बोलणे अक्षरशः खरे ठरले होते. फोडलेली मुंडी नेहमीप्रमाणे कळपाच्या कुत्र्यांपुढे टाकण्यात आली.

पुढील वर्षी त्याच कळपातील तीन तरण्या मेंढ्या तशाच फिरू लागल्या. हा केवळ त्याच मुंडीचा परिणाम होता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कारण गावोगाव फिरणाऱ्या कळपाला अनेक कुत्र्यांचा संसर्ग होतो. तथापि या वेळी तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी आले. त्यांनी रोगाची सारी साखळी उलगडून सांगितली, तेव्हा मला माझी जबाबदारी टाळता आली नाही.

रोगाची साखळी

या रोगास आपल्याकडे चक्री रोग किंवा गिड असे म्हणतात. त्याचे मूळ कुत्र्याच्या आतड्यात असते. तेथे फितीसारखा लांब चपटा जंत, म्हणजे पट्टकृमी राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात आणि चरताना मेंढीच्या पोटात जातात. अंड्यातून निघालेला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो व रक्ताबरोबर मेंदूत पोहोचतो. तेथे त्याची पाण्याने भरलेली पिशवी होते. ती हळूहळू काही महिने वाढत राहते आणि भोवतालच्या मेंदूवर दाब पडू लागला म्हणजे मेंढी फिरू लागते.

त्या पिशवीच्या आतील अंगास पांढरे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे होऊ घातलेल्या एका जंताचे डोके होय, आणि एका पिशवीत अशी शेकडो डोकी असू शकतात. ती पिशवी कुत्र्याने खाल्ली म्हणजे त्याच्या पोटात पुन्हा पट्टकृमी वाढतात आणि चक्र पूर्ण होते. म्हणजेच कुत्र्यापुढे टाकलेली एक कच्ची मुंडी ही पुढील वर्षाच्या रोगाची पेरणी असते.

चुंबकाने मेंदू कसा दिसतो?

आता मूळ विषयाकडे येऊ. कवटी न फोडता आतील अशी पिशवी नेमकी कोठे आहे, हे कसे कळावे? साध्या क्ष-किरण चित्रात हाड स्पष्ट दिसते, परंतु मेंदूसारख्या मऊ अवयवाचे भाग वेगळे ओळखू येत नाहीत. ही अडचण चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाने दूर केली. शहरातील रुग्णालयांत ज्यास ‘एम.आर.आय.’ म्हणतात, तेच हे तंत्र. या पद्धतीने चित्र मिळविण्याची वाट अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखविली. त्यांना आणि इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांना या कार्याबद्दल २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राचे तत्त्व शेतकऱ्यास समजण्यासारखे आहे. शरीरात पाणी व चरबी असते, आणि दोहोंत हायड्रोजनचे अणू असतात. या अणूंची केंद्रे इवल्याशा चुंबकसूचीप्रमाणे वागतात. पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या हजारो पट शक्तीच्या चुंबकात प्राण्यास ठेवले म्हणजे त्या सूची चुंबकाच्या दिशेने कल घेतात. मग रेडिओच्या लहरींचा एक झटका देऊन त्यांना क्षणभर विचलित करतात. झटका थांबला की त्या पूर्वस्थितीस येऊ लागतात आणि येता येता क्षीण संदेश देतात. हे संदेश टिपून संगणक चित्र बनवितो.

निरनिराळे भाग वेगळे का दिसतात, याला आपल्या शेतातील उपमा देता येईल. सर्व शेताला एकाच वेळी पाणी दिले तरी मुरमाड तुकडा लवकर वाळतो आणि काळीची जमीन ओल धरून राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बांधावर उभे राहिल्यास जमिनीचे पट्टे रंगावरून वेगळे ओळखता येतात. त्याचप्रमाणे मेंदूतील करडा भाग, पांढरा भाग आणि त्याभोवतीचे पाणी यांतील सूची पूर्वस्थितीस येण्यास निरनिराळा वेळ घेतात. या वेळेच्या फरकावरून त्यांच्या सीमा उमटतात. यात क्ष-किरणांचा उपयोग होत नाही आणि प्राण्यास मारावेही लागत नाही.

अर्थात मेंढीस यंत्रात ठेवणे सोपे नाही. ती स्थिर राहावी म्हणून तिला भूल द्यावी लागते. ती रवंथ करणारी असल्याने भुलेत पोट फुगण्याची आणि कोटीपोटातील अन्नरस श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून तिला आधी उपाशी ठेवतात व श्वासनलिकेत नळी घालतात. कानातील बिल्ला लोखंडी असल्यास तोही काढावा लागतो.

नकाशा कोणी आणि कशासाठी केला?

मेंढीच्या मेंदूचा नकाशा ही काही कालची कल्पना नव्हे. फ्रान्समधील राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने १९६७ मध्येच तेथील एका डोंगरी जातीच्या मेंढीच्या मेंदूचा मोजमापांसह छापील नकाशा प्रसिद्ध केला होता. त्या काळी त्यासाठी मृत जनावराचा मेंदू बाहेर काढून त्याचे काप करावे लागत. नव्या यंत्रामुळे जिवंत मेंढ्यांचे मेंदू जसेच्या तसे कवटीत पाहता येऊ लागले. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी कॅनडातील सहकाऱ्यांसह मेरिनो मेंढ्यांच्या मेंदूचा असा नकाशा २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. फ्रान्समधील नुझिली येथील कृषिसंशोधन केंद्राशी संबंधित संशोधकांनी ‘इल द फ्रान्स’ जातीच्या मेंढ्यांवरून केलेला तपशीलवार नकाशा २०१७ मध्ये पुढे आला.

दोन मेंढ्यांचे मेंदू तंतोतंत सारखे नसतात. म्हणून अनेक मेंढ्यांची चित्रे एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढतात. जमिनीची मोजणी करणारा जसा ठरावीक दगडापासून साखळी धरतो, तशी येथेही निश्चित खुणांपासून प्रत्येक भागाची अंतरे मोजतात. त्यामुळे एका ठिकाणचे निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणच्या संशोधकास पडताळून पाहता येतात.

यामागे मानवाचा स्वार्थ आहे, हे लपविण्याचे कारण नाही. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून कमी वजनाचा आणि गुळगुळीत असतो. मेंढीचा मेंदू सुमारे १४० ग्रॅमचा असून त्यावर माणसाच्या मेंदूप्रमाणे वळ्या असतात. म्हणून पक्षाघातासारख्या मानवी रोगांच्या अभ्यासास तो अधिक उपयोगी पडतो. परंतु नुझिलीच्या संशोधकांचा प्रश्न शेतीतला आहे. मेंढी ठरावीक ऋतूत माजावर का येते, नर कळपात सोडला की माज का सुरू होतो, आई आपले कोकरू कसे ओळखते, या प्रश्नांवर तेथे दीर्घकाळ काम झाले आहे. माझ्या मते आपण या संशोधनाकडे याच बाजूने पाहावे. मेंढीने मानवी वैद्यकास पुष्कळ दिले आहे. त्यातील काही भाग मेंढीला आणि तिच्या धन्याला परत मिळणे न्यायाचे आहे.

यंत्राशिवाय नकाशा कसा वाचावा?

इटलीतील सार्डिनिया बेट मेंढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील सासारी विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी चक्री रोग झालेल्या मेंढ्यांचे मेंदू व कवट्या या यंत्राने तपासून त्याचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पिशवी कोठे आहे हे आधी कळले म्हणजे कवटीस योग्य जागी छिद्र पाडून ती काढता येते. आपल्या फिरत्या कळपास ही सोय परवडणारी नाही. एका मेंढीच्या किमतीपेक्षा तिच्या तपासणीचा खर्च अधिक होईल. येथेच पुष्कळ जण विषय सोडून देतात, आणि येथेच तो हाती धरावा असे माझे म्हणणे आहे.

कारण मेंदूच्या कोणत्या भागाकडे कोणते काम आहे, हे एकदा कळले म्हणजे बाहेरची लक्षणे बोलू लागतात. पिशवी मोठ्या मेंदूच्या एका अर्ध्या भागात असेल तर मेंढी बहुधा त्याच बाजूस फिरते. परंतु तिची दृष्टी जाते ती विरुद्ध बाजूच्या डोळ्याची, कारण डोळ्यांकडून येणारे बहुतेक तंतू मेंदूत शिरताना बाजू बदलतात. पिशवी लहान मेंदूत असेल तर फिरण्यापेक्षा तोल जाणे, पाय ताठ व वेडेवाकडे पडणे ही लक्षणे अधिक दिसतात. म्हणून मेंढी उजवीकडे फिरते की डावीकडे, वारा न लागू देता डोळ्यांपुढे हात हलविल्यास कोणता डोळा मिटत नाही, लक्षणे किती दिवसांपासून आहेत, हे तीन मुद्दे मेंढपाळाने नोंदवून ठेवले तर पशुवैद्यकाचे निम्मे काम हलके होते. हे निरीक्षण त्याच्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही. ज्या म्हाताऱ्यांचे बोलणे मी उडवून लावले, त्यांचे डोळे माझ्या पुस्तकापेक्षा अधिक पाहत होते.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. फिरणारी प्रत्येक मेंढी चक्री रोगाचीच असते असे नाही. खराब झालेल्या मुरघासातून होणाऱ्या जंतुसंसर्गातही ती फिरते, परंतु तो रोग थोड्या दिवसांत झपाट्याने वाढतो. अचानक भरपूर धान्य खाल्ल्याने शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊनही मेंढी आंधळी होते व मान वर ताणते. या दोन्ही रोगांत वेळेवर उपचार झाल्यास जनावर वाचण्याची आशा असते. यास्तव निदान पशुवैद्यकानेच करावे. कवटी मऊ लागते म्हणून तीत दाभण खुपसणे किंवा डाग देणे हे प्रकार कोणीही करू नयेत.

कोकराची ओळख

मेंदूच्या अभ्यासाचा दुसरा उपयोग कोकरांच्या संगोपनात आहे. मेंढीच्या मेंदूत वास ओळखणारा भाग चांगला मोठा असतो. विल्यानंतर साधारण पहिल्या दोन तासांत ती कोकरास चाटते आणि त्याचा वास तिच्या मेंदूत ठसतो. त्यानंतर ती परक्या कोकरास सडाला तोंड लावू देत नाही. या काळात कोकरू उचलून दूर नेले, पुसून धुऊन काढले किंवा भोवती माणसांनी व कुत्र्यांनी गर्दी केली, तर आईने त्यास नाकारण्याचा संभव वाढतो. म्हणून व्यालेली मेंढी व कोकरू यांना पहिले काही तास निवांत एकत्र राहू द्यावे. मेलेल्या कोकराचे कातडे पोरक्या कोकरावर घालून मेंढीस फसविण्याची जी जुनी युक्ती मेंढपाळांना ठाऊक आहे, तिचे मर्मही या वासाच्या स्मरणातच आहे.

मेंढीला मठ्ठ म्हणण्याची आपली रूढी आहे. इंग्लंडमधील बाब्रहम संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, मेंढ्या पन्नास निरनिराळ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवू शकतात. कळपात वारंवार होणारी हाकाहाक, धाक व मारझोड तिच्या स्मरणात राहत असेल, हे ध्यानी घेऊन तिला वागविले पाहिजे.

आपले कर्तव्य

आपल्या पशुवैद्यकीय विद्यापीठांकडून माझी एक अपेक्षा आहे. परदेशी मेंढ्यांचे नकाशे दख्खनी मेंढीस जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरू नये. जत भागातील माडग्याळ मेंढीचे फुगीर नाकाड पाहिले तरी डोक्याची ठेवण किती भिन्न असते हे ध्यानात येते. आपल्या जातींच्या मेंदूचाही नकाशा व्हावा, आणि त्यावरून चक्री रोगाच्या लक्षणांचा एक सचित्र तक्ता मराठीत तयार होऊन प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात लागावा. यंत्र एका ठिकाणी असले तरी तक्ता गावोगाव जाऊ शकतो.

परंतु तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पुढील गोष्टींना यंत्राची गरज नाही. मेंढीची कच्ची मुंडी कुत्र्यास कधीही घालू नये. ती चांगली उकळावी, अथवा कुत्र्यास उकरता येणार नाही इतकी खोल पुरावी. कळपाच्या प्रत्येक कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पट्टकृमीवरील प्राझिक्वांटेल हे औषध साधारण दर दीड महिन्याने द्यावे, आणि औषधानंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवून त्याची विष्ठा पुरून टाकावी. कुत्र्यास हाताळल्यावर हात धुतल्याविना भाकरी खाऊ नये, कारण कुत्र्याच्या पट्टकृमींची अंडी क्वचित माणसासही बाधतात. एका कळपाने हे पाळले आणि शेजारच्याने पाळले नाही, तर उपयोग अर्धाच. म्हणून गावातील खाटीक, मेंढपाळ आणि कुत्री पाळणारे शेतकरी यांना एकत्र बसवून हा विषय समजावून देणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचेच काम आहे.

त्या वयोवृद्ध मेंढपाळांना मी दुसऱ्या वर्षी भेटलो आणि माझी चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. कुत्र्यांना औषध पाजताना त्यांनी मलाच कुत्रा धरावयास लावले. पुढे त्यांचा कळप दरसाल गावाच्या शिवारात उतरला की मी जाऊन चौकशी करीत असे. मेंढ्यांआधी कुत्र्यांची चौकशी करतो म्हणून त्यांची नातवंडे मला हसत. प्रशिक्षण वर्गातील माझ्या बंधूंना माझे एवढेच सांगणे आहे की, आपणही आपल्या गावी उतरणाऱ्या पहिल्या कळपापाशी जाऊन प्रथम कुत्र्यांची विचारपूस करावी.